बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ अल्बमच्या कव्हरचं माध्यम-सिद्धांतानुसार विश्लेषण कुठून सुरू करावं?

चिन्हांचे अर्थ उलगडणारा फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ याच्यापासून सुरू करा: आधी जे दिसतं ते लिहा, मग त्यातून जे सुचतं ते. दिसतात झेब्रा क्रॉसिंगवरून ओळीनं चाललेले चौघे. पॉल मॅकार्टनी अनवाणी, लेनन पांढऱ्या सुटात. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं, आणि खरा मुद्दा हाच. शब्द चित्राचा अर्थ नांगरासारखा धरून ठेवतात, असं बार्थनं १९६४च्या निबंधात मांडलं. इथे नांगरच नाही. म्हणून १९६९मध्ये ‘पॉल मेला’ या अफवेवर विश्वास ठेवणाऱ्या चाहत्यांना त्यात चक्क अंत्ययात्रा दिसली! मात्र हे झालं प्रेक्षकांचं वाचन. छायाचित्रकार इयन मॅकमिलनचा हेतू म्हणून ते लिहू नका.