केक सजावटीला नुकतीच सुरुवात केली आहे. कमी खर्चात कोणते टिन घ्यावेत?
इंदुरात घरच्या घरी शिकत असाल, तर सुरुवातीला ६ इंच व्यासाचे आणि ३ इंच उंचीचे साध्या ॲल्युमिनियमचे दोन गोल टिन पुरेत. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात घेताना आतून बोट फिरवून कड तळाशी काटकोनात उतरते का, हे मात्र अवश्य पाहावे, कारण तिरप्या कडेच्या टिनातला केक एका बाजूला रुंद होतो आणि तो उतार भरून काढण्यातच बरीच क्रीम खर्च होते. माझा पहिला टिन असाच होता. काळ्या नॉनस्टिक टिनात कडा लवकर करपतात. ८ इंची टिन मागाहून घ्यावा, कारण तेवढ्याच उंचीला त्यात जवळजवळ पावणेदोनपट मिश्रण लागते.