पँडोराची पेटी नव्हे, रांजण

प्रश्न : वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत 'पँडोराची पेटी उघडली' हा प्रयोग वारंवार वाचनात येतो. ही पँडोरा कोण, तिच्या नावाचा अर्थ काय आणि त्या पेटीत नेमके काय होते?

उत्तर : पँडोरा ही ग्रीक पुराणकथांतील पहिली स्त्री. प्रॉमिथ्यूसने अग्नी चोरून माणसांना दिला, त्याचे उट्टे काढण्यासाठी देवांचा राजा झ्यूस याने तिला घडवून घेतले. हिफेस्टस या कारागीर देवाने माती पाण्यात कालवून तिची मूर्ती केली, अथीनेने तिला विणकाम शिकवले, ॲफ्रोडायटीने लावण्य दिले आणि हर्मीसने गोड वाणीबरोबर कपटही दिले. 'पान' म्हणजे सर्व आणि 'दोरॉन' म्हणजे देणगी. सर्व देवांनी देणग्या दिल्या म्हणून ती पँडोरा, अशी फोड हेसिअड हा प्राचीन कवी करतो.

मात्र याच नावाचा 'सर्व काही देणारी' असाही अर्थ होतो आणि ग्रीक लोक तो पृथ्वीला लावत. ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पूर्व ४६० च्या सुमाराचा, आत पांढरा लेप दिलेला एक उथळ मद्यचषक आहे. त्यावर अथीना आणि हिफेस्टस मधोमध उभ्या असलेल्या या नव्या स्त्रीला सजवताना दिसतात. पण तिच्याजवळ नाव लिहिले आहे ते 'अनेसिदोरा', म्हणजे जमिनीतून देणग्या वर धाडणारी. धान्याची देवता डिमीटर हिचेही हे बिरुद होते. त्यामुळे मूळच्या अन्नदात्या भूमीला हेसिअडने संकटांची जननी करून टाकले, हे काही अभ्यासकांचे मत आम्हाला पटते.

राहिली पेटी. हेसिअडच्या काव्यात ती नाहीच! त्याचा शब्द आहे 'पिथॉस', म्हणजे धान्य, तेल किंवा मद्य साठवण्याचा, बऱ्याचदा जमिनीत अर्धा पुरलेला मोठा रांजण. सोळाव्या शतकाच्या आरंभी इरॅस्मस या डच पंडिताने लॅटिनमध्ये ही कथा सांगताना 'पिथॉस'च्या जागी 'पिक्सिस', म्हणजे डबी, हा शब्द घातला आणि रांजणाची पेटी झाली. मराठीत तर 'प'ला 'प' जुळल्याने ती अधिकच पक्की बसली.

पँडोराने झाकण काढताच रोगराई आणि कष्ट जगभर पसरले; काठाखाली उरली ती फक्त 'एल्पिस', म्हणजे आशा. रांजण ही साठवणीची वस्तू असल्याने येथे खरा पेच पडतो: आशा माणसांसाठी राखून ठेवली, की त्यांच्यापासून कोंडून ठेवली? हेसिअड एवढेच सांगतो की, झ्यूसच्या इच्छेने झाकण पुन्हा बसले.