अंधाराला घाबरणाऱ्या मुलीला डिसेंबरात थीम पार्कच्या डार्क राइडमध्ये न्यावं का?

तुम्ही विचारलंय की येत्या डिसेंबरात बेळगावहून खोपोलीच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचं ठरतंय, मुलगी आठ वर्षांची आहे, अंधाराला घाबरते, तर तिथल्या डार्क राइड्समध्ये, म्हणजे बंद इमारतीतल्या अंधाऱ्या राइड्समध्ये, तिला न्यावं की बाहेरच थांबवावं. न्या. फक्त राइडच्या दारात उभं राहून ‘काही नसतं गं आत’ असं तिला सांगू नका. मी माझ्या भाचीला तेच सांगितलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे लिहितो.

मी बेळगावातल्याच शहापूरचा. इलेक्ट्रिकची कामं करतो, आणि गणपतीच्या आधी दोन महिने मंडळांच्या हलत्या देखाव्यांचं काम असतं. मूर्तीचा हात वर-खाली व्हायला गाडीच्या वायपरची मोटर, पडद्यामागचे दिवे, आवाज आणि हालचाल जुळवणं, असं सगळं. त्यामुळे डार्क राइड म्हणजे काय हे मला पहिल्यांदा आत बसल्यावर लगेच कळलं. तुम्ही बेळगावचे म्हणजे शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक पाहिली असणारच. तिथे आपण रस्त्याच्या कडेला उभे असतो आणि देखावा आपल्या समोरून जातो. डार्क राइडमध्ये देखावे जागच्या जागी असतात आणि आपण गाडीत बसून त्यांच्या समोरून जातो. बाकी कला तीच. मुलीला घरीच एवढं सांगा. चित्ररथाला ती घाबरली नसेल, तर अर्धं काम तिथेच झालं.

आम्ही गेलो तोही डिसेंबरच होता. मी, बायको, मुलगा आणि बहिणीची नऊ वर्षांची मुलगी. भाड्याची क्रूझर केली आणि रात्री जेवून निघालो. बेळगाव ते खोपोली चारशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, आणि कागल ते सातारा रस्त्याच्या रुंदीकरणाची कामं लागू शकतात, तेव्हा वेळ हातात ठेवूनच निघा. निपाणीला चहा झाला. पुढे ड्रायव्हरने आतला दिवा थोडा वेळ चालू ठेवला होता, कारण भाचीचं बूट सापडत नव्हतं. ती खिडकीला नाक लावून म्हणाली, “मामा, बघ की, माझं तोंड उसावर तरंगतंय.” मी झोपेत हं म्हटलं. त्या वाक्याचं मोल मला दुसऱ्या दिवशी कळलं.

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे, २०१३ साली सुरू झालं. उंच रोलर कोस्टर लांबूनच दिसतात आणि सगळे आधी तिकडे पळतात. मला मात्र तिथलं खरं काम बंद इमारतींच्या आत दिसलं. अंधारातल्या राइड एका जातीच्या नसतात, आणि मुलीला कशात आधी बसवायचं हे त्यावरच ठरवा. अलिबाबाच्या राइडमध्ये हातात बंदूक असते, जाता जाता निशाणे टिपायचे आणि गुण मिळवायचे. अंधार असतो, पण पोराचं लक्ष निशाण्यावर असतं, म्हणून सुरुवात इथून करा. राजासॉरसमध्ये होडीतून डायनासोरांच्या मधून जायचं आणि शेवटी उंचावरून धाडकन पाण्यात. हा राजासॉरस मनाने रचलेला नाही. गुजरातमधल्या रहिओलीला सापडलेल्या हाडांवरून २००३ साली त्याचं राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव ठेवलं गेलं. माझ्या मुलाला हे ठाऊक होतं, मला नव्हतं. ज्या प्राण्याचं नाव पोराला ठाऊक असतं त्याला ते कमी घाबरतं, हे मी त्या होडीत पाहिलं. डीप स्पेस हा पुरता अंधारातला रोलर कोस्टर, आठ वर्षांच्या भित्र्या मुलीसाठी तो नकोच. आणि सलीमगड ही भुताटकीची राइड. आम्ही गेलो तेव्हा या सगळ्या चालू होत्या. तरी निघण्याआधी कोणत्या चालू आहेत आणि कुठे किती उंची लागते हे विचारून घ्या, म्हणजे दारातून परत फिरावं लागत नाही.

तर सलीमगड. रांगेतच भाचीचे हात गार पडले होते. मी तेच म्हणालो, काही नसतं गं. आत गेलो, पहिलाच मोठा आवाज आला आणि तिने जे डोळे मिटून माझ्या दंडात तोंड खुपसलं, ते बाहेर येईपर्यंत काढलं नाही. बाहेर आल्यावर रडली नाही, पण माझ्याशी बोलेना. मग म्हणाली, “तू खोटं बोललास.” ते खरंच होतं. आत बरंच काही असतं, ते घाबरवण्यासाठीच केलेलं असतं आणि ते करणाऱ्यांनी मनापासून कष्ट घेतलेले असतात. पोराला ‘काही नाही’ म्हटलं आणि आत काहीतरी निघालं, की मग ते कशावरच विश्वास ठेवत नाही.

आम्ही सावलीत बसलो. मी तिला विचारलं, काल रात्री खिडकीत तुझं तोंड उसावर कसं तरंगत होतं? तिला आठवलं. मी सांगितलं की गाडीत दिवा होता, बाहेर अंधार होता, म्हणून काच अर्धी आरसा झाली. बाहेरचं शेतही दिसत होतं आणि आतली तूही. आता समज, काच अशी तिरकी लावली की ती कुणाला दिसतच नाही, आणि बाजूच्या कोनाड्यात लपलेल्या माणसावर दिवा टाकला. बघणाऱ्याला काय दिसेल? ती म्हणाली, “भूत.” दिवा विझवला तर? “गेलं.”

ही युक्ती पेपर्स घोस्ट म्हणून ओळखली जाते. मूळ कल्पना इंग्लंडचे अभियंते हेन्री डर्क्स यांची, आणि जॉन हेन्री पेपर यांनी ती १८६२ च्या डिसेंबरात लंडनच्या रंगमंचावर दाखवली. डिस्नीलँडच्या १९६९ सालच्या हाँटेड मॅन्शनमध्ये नाचणारी भुतं दिसतात ती याच काचेच्या खेळातून. दीडशे वर्षांवर झाली तरी युक्ती जुनी होत नाही, कारण तिला लागतो फक्त एक दिवा, एक काच आणि अंधार.

मग मी तिला एकच काम दिलं. पुन्हा गेलीस तर भूत शोधू नको, दिवा शोध. प्रत्येक देखाव्यात दिवा कुठे लपवलाय तो बोटाने मला दाखव. अर्ध्या तासाने तीच म्हणाली, जाऊया की. दुसऱ्या खेपेला तिने कान दाबून धरले होते, पण डोळे टक्क उघडे. पोरांना अंधारापेक्षा अचानक येणारा आवाज जास्त घाबरवतो, तेव्हा तुमच्या मुलीलाही सांगा, भीती वाटली तर डोळे मिटू नको, कान झाक. बाहेर येऊन भाचीने सात दिवे मोजून सांगितले. त्यातले दोन मलाही दिसले नव्हते.

आता डोळ्यांचं थोडं सांगतो, कारण हिवाळ्यात हे जास्त जाणवतं. डिसेंबरात आभाळ निरभ्र, ऊन लख्ख. त्यातून एकदम काळोखात शिरलं की पहिली काही मिनिटं माणूस जवळपास आंधळाच असतो. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी दहाएक मिनिटांत अंधाराला सरावतात, पण मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींना पुरतं जागं व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. राइड असते चार-पाच मिनिटांची. म्हणजे डोळे सरावायच्या आत आपण बाहेर. मुलीला सगळं स्पष्ट दिसावं असं वाटत असेल तर बाहेर उन्हात गॉगल लावून ठेवा, तो राइडच्या दारात काढा, आणि रांगेतल्या सावलीत गेल्याबरोबर मोबाइल बंद. आणि आत कुणी मोबाइलचा दिवा लावला तर त्याला हात जोडून बंद करायला लावा. त्या एका उजेडाने गाडीतल्या सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, आणि देखावा करणाऱ्याची मेहनत वाया जाते. हे मी देखाव्यांच्या मांडवात दरवर्षी पाहतो, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

आत पांढरा शर्ट निळसर चमकायला लागला तर घाबरू नका. तिथे अल्ट्राव्हायोलेट दिवा असतो, आम्ही त्याला काळी ट्यूब म्हणतो. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे द्रव्य घालतात, पूर्वी टिनोपॉल म्हणून वेगळं मिळायचं तेच, ते या दिव्यात उजळतं. मुलीला मुद्दाम पांढरा फ्रॉक घाला. आपणच चमकतोय हे कळलं की अंधार तिचाही होतो.

आणखी एक गोष्ट तिला दाखवायला सांगा. गाडी सारखी वळते, कधीच सरळ जात नाही. यामागे जागेची काटकसर आहे. अमेरिकेत १९२८ च्या सुमारास लिऑन कॅसिडी यांनी एका रुळावर चालणारी अंधारातली गाडी केली, कारण होडीतून फिरवणाऱ्या राइडसाठी पाण्याचा पाट बांधायला लागणारा खर्च परवडत नव्हता. लहानशा खोलीत रूळ इतका पिळून टाकला की बसणाऱ्यांना खोली संपतच नाही असं वाटायचं. वळणाआड पुढचा देखावा लपतो, आणि अंधारात लांबचं काही दिसत नसल्याने गाडी आहे त्यापेक्षा जोरात चालल्यासारखी वाटते. मी हे वाचल्यापासून मंडळाच्या मांडवातली वाटही सरळ ठेवत नाही.

पडद्यासमोर खुर्च्या हलतात त्या सिम्युलेटर राइडबद्दल मात्र सावध राहा. तिथे डोळे सांगतात आपण उडतोय, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण इथेच आहोत. या भांडणात मळमळतं. ज्यांना आंबोली घाटात गाडी लागते त्यांना इथेही लागणार. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको. शक्यतो मधल्या खुर्चीत बसा, आणि गरगरायला लागलं तर पडद्यावरून नजर काढून खुर्चीच्या दांड्याकडे बघा. फिट येणाऱ्यांनी, म्हणजे घरात कुणाला तसा त्रास असेल तर, पटापट उघडझाप करणारे दिवे असलेल्या राइडमध्ये जाऊच नये. गरोदर बाई, हृदयाचा किंवा मानेचा त्रास असलेले यांनी दारावरचा फलक नीट वाचावा, तिथल्या माणसाशी वाद घालू नये.

हिवाळ्याचं म्हणाल तर आपली थंडी तिथे नेऊ नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर, खोपोली घाटाच्या पायथ्याशी. पहाटे लोणावळ्यात आम्ही शाली गुंडाळून बसलो होतो आणि अकरा वाजता पार्कात घाम पुसत होतो. स्वेटर गाडीत राहू द्या, पण एक हलकं जाकीट हातात असू द्या, कारण बंद राइडमध्ये एसी असतो. याच कारणाने पाण्याच्या राइड सगळ्यात शेवटी घ्या. ओल्या कपड्यांनी एसीच्या अंधारात बसलेलं पोर कुडकुडतं, आणि थंडीने कुडकुडतंय की भीतीने हे त्याचं त्यालाही कळत नाही. माझ्या मुलाने सकाळीच होडीची राइड घेतली आणि पुढचे दोन तास तसाच ओला फिरला, घरी आल्यावर आठवडाभर खोकला.

नाताळची सुट्टी टाळा. डिसेंबरात शाळांच्या सहलीही असतात, त्यामुळे मधला वार चांगला. आम्हाला असं दिसलं की सहलीची पोरं सकाळी मोठ्या कोस्टरकडे पळतात आणि ऊन चढलं की सावलीसाठी बंद इमारतींकडे येतात. म्हणून आम्ही उलट केलं, अंधारातलं सगळं दुपारच्या आत उरकलं. डबा आत नेता येत नाही. भाकरी, शेंगांची चटणी आणि कुंदा गाडीतच ठेवला आणि संध्याकाळी बाहेर आल्यावर खाल्ला.

बंगळुरूजवळच्या बिडदीचं वंडरला हे पार्कही कुणीतरी सुचवेल. ते २००५ पासून आहे, चांगलं आहे, पण त्याचं नाव पाण्याच्या खेळांसाठी जास्त. तुमच्या प्रश्नात अंधार आहे, तर मी खोपोलीच म्हणेन.

परत येताना तवंदी घाटाच्या आसपास भाचीने ड्रायव्हरकाकांना दोन-तीनदा दिवा चालू-बंद करायला लावला. खिडकीत आम्ही सगळे बाहेरच्या झाडांवर येऊन बसत होतो आणि जात होतो. पुढच्या गणपतीत ती आमच्या मांडवात आली, देखावा सुरू केला, आणि दोन मिनिटं बघून म्हणाली, “मामा, तो डावीकडचा दिवा दिसायला लागलाय बघ, खाली घे की.” मी शिडी लावून खाली घेतला.

तुमच्या मुलीला आधी एका रात्री घरच्या खिडकीसमोर उभं करा. खोलीतला दिवा लावा, बाहेर अंधार असू द्या. मग गाडी ठरवा.