राइट्स ठेव, बाकीचं नंतर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला, तुझ्या गाण्यासाठी म्युझिक कंपनीने पाठवलेल्या कराराची पीडीएफही वाचली. ‘काका, त्यांच्या चॅनेलला लाखो सबस्क्रायबर आहेत, एकरकमी पैसे देतायत, सही करू का?’ करू नकोस. राइट्स ठेव.

चौथ्या पानावर काय लिहिलंय ते पाहिलंस? ‘आज असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण जगात, कायमस्वरूपी.’ वकिलाने हे उगाच लिहिलेलं नाही. 2012 च्या दुरुस्तीपासून, करार होताना जे माध्यम नव्हतंच त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून एकेक शब्द मोजून घातलाय. आणि तू रक्कम तेवढी बघितलीस!

‘पुढे येणारं माध्यम’ आम्ही बघितलंय. कॅसेटच्या दिवसांत रेकॉर्डिंग संपलं की पाकीट हातात पडायचं आणि विषय मिटायचा. मग मोबाइल आले, कॉलर ट्यून आली. ज्या भजनाच्या कॅसेटी दुकानदार परत पाठवत होते, त्याच्याच एका तुकड्यासाठी लोक महिन्याला पैसे भरू लागले. गायिकेला पत्ता लागला तो शेजारणीला फोन लावल्यावर. बाई कंपनीत विचारायला गेल्या, मी सोबत होतो. त्यांना चहा पाजला आणि त्यांचीच सही दाखवली.

तेव्हापासून मी अडून बसायला लागलो. मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची मालकी, मिळणार नाही; ठराविक काळ वापरायचं लायसन्स घ्या, मुदत लिहा. कामं गेली. पाठीमागे मला ‘वकीलसाहेब’ म्हणायचे. एका दिवाळीला बायकोनेही ऐकवलं. तिचं चुकलं नव्हतं, पण माझंही चुकलं नव्हतं. बरोबरीचे लोक गाड्या घेऊन फिरले, फिरू देत.

डिजिटलने कंपन्या बुडाल्या, असं तुला कोण सांगतं? सारेगामा कंपनीने 2017 मध्ये 5000 जुनी गाणी भरलेला ‘कारवां’ नावाचा स्पीकर काढला आणि तो घरोघरी गेला. गाणी तीच, खोकं नवं. ज्याच्याकडे मास्टर, त्याचा दर दहा वर्षांनी नवा धंदा. म्हणून म्हणतो, राइट्स ठेव.

यातून लगेच पैसा येईल, असं मात्र समजू नकोस. 2024 पासून, मागच्या 12 महिन्यांत 1000 प्ले न झालेल्या गाण्याला स्पॉटिफाय मास्टरचा एक पैसा देत नाही. झाले तरी चहापाण्यापुरतेच सुटतील. नोकरी सोडायची भाषा करू नकोस.

शब्द आणि चाल दोन्ही तुझ्या आहेत. त्यांच्या रॉयल्टीतला तुझा बरोबरीचा वाटा कायद्याने तुला सोडून देताच येत नाही, सही केलीस तरी. पण तो मागायला कुठेतरी नाव लागतं. आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, फॉर्म भर. मागेही सांगितलं होतं. अपलोड करताना गीतकार-संगीतकाराचे रकाने रिकामे सोडू नकोस. कंपनीला लिही: तीन वर्षांचं लायसन्स देते, मास्टर माझा. नाही म्हणाले तर म्हणू देत. सबस्क्रायबर त्यांचे आहेत, तुझे नाहीत.

आणि बासरी वाजवणाऱ्या मुलाशी काय ठरवलंस, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. त्यालाही पाकीट देऊन मोकळी झाली असशील, तर आधी त्याला फोन कर, वाटा ठरव, कागदावर घे. मग त्या लोकांना उत्तर लिही.

तुझा,
काका