थप्पी किती थरांची लागायची, ते आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत मशीद बंदरला आजोबांचे दुमजली गोदाम आहे, घरचे म्हणतात पाडा, तुम्हाला मात्र कोचीतल्या जुन्या गोदामांसारखे ते जपून तिथे गॅलरी किंवा कॅफे करायचा आहे. जमेल का आणि परवडेल का?

जमेल. परवडेल की नाही हे इमारतीपेक्षा तुमच्या कागदांवर ठरेल. जमीन बंदर प्राधिकरणाच्या भाडेपट्ट्यावर असेल तर वापर बदलायला आधी त्यांच्या दारात जावे लागेल. पागडीचे भाडेकरू असतील तर त्यांच्याशिवाय पान हलणार नाही. मुंबईच्या वारसा यादीत नाव असेल, तर कोणती श्रेणी ते बघा. तिसऱ्या श्रेणीत आतून बरेच बदल करता येतात, पहिलीत जवळजवळ नाहीच. पुढचे वकील सांगेल. मी वीस वर्षे साइटवर सुपरवायझर आहे आणि तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच खांब उभा आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तुमच्या गोदामाजवळच्याच दाणाबंदरात माथाडी होते. पाटण तालुक्यातून आले आणि गावच्या पंधरा-वीस जणांबरोबर एका गाळ्यात राहिले. पुढे धान्याचा बाजार वाशीला हलला तेव्हा तेही तिकडे गेले. आठेक वर्षांपूर्वी मला काम मिळाले ते नेमके त्यांनी तरुणपणी पोती वाहिलेल्या एका गोदामाचे. मालकाला खाली कॅफे आणि वर प्रदर्शनाची जागा हवी होती. घरी सांगितल्यावर दादा म्हणाला, "ज्या गोदामानं आबांची मान वाकवली, ते तू जपणार? घाल की बुलडोझर." त्याचे चुकले असे मला आजही म्हणता येत नाही. आबा मात्र म्हणाले, "एकदा दाखव तरी."

एका रविवारी त्यांना घेऊन गेलो. दारातच त्यांनी चपला काढल्या, मला हसू आले. मग जिना चढून वर गेले आणि एकेक खण दाखवत सुटले. इथे गहू, तिथे तूरडाळ, इकडे मुकादम बसायचा, हा दरवाजा कायम बंद. पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र पाय ठेवण्याआधी थांबले. म्हणाले, "हितं आमी सहाच्या वर थर लावत न्हवतो. सातवं पोतं चढलं की फळी बोलायची."

बाकी मजल्यावर दहा-दहा थरांच्या थप्प्या आणि या कोपऱ्यात सहा. कुठल्याही नकाशात हे नव्हते, मुळात नकाशाच नव्हता.

आता हिशेब करा. तेव्हाचे पोते 100 किलोचे. आडवे टाकले तर जमिनीवर साधारण अर्धा चौरस मीटर जागा घेते. दहा थर म्हणजे चौरस मीटरला दोन टन. कॅफे किंवा सभागृहासाठी आपण चौरस मीटरला 400-500 किलो भार धरतो. म्हणून ‘एवढ्या जुन्या मजल्याला माणसांचे वजन झेपेल का’ असे कोणी म्हणाले की मला राग येतो. ज्या मजल्याने पन्नास वर्षे गहू झेलला त्याला तुमची चार टेबले जड होत नाहीत. प्रश्न असतो तो एखाद्या कोपऱ्याचा, आणि तो कोपरा हमालाला माहीत असतो.

हे मी दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सांगितले. डिझायनर साहेबांनी वहीत काहीतरी लिहिले. त्यांना भिंतीवर इतिहासाचा मोठा फलक हवा होता: 1896 चा प्लेग पहिल्यांदा इथल्याच मांडवी भागात सापडला, 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, वगैरे. सगळे खरे आहे. त्या जहाजावर कापूस आणि दारूगोळा एकत्र भरला होता, शेकडो माणसे गेली. पण फलकावर पोती वाहणाऱ्यांबद्दल एक ओळ नव्हती. ती घाला म्हणालो तर उत्तर आले, जागा नाही.

असो, खांबाकडे येतो. तळमजल्यावर बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे, गोल पोकळ खांब होते. त्या काळी असा माल इंग्लंडहून तयार यायचा. काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा तर अख्खा सांगाडाच तिकडून सुटा आणून इथे जोडला. साहेबांना पूर्वेच्याच कोपऱ्यात पोटमाळा काढायचा होता, त्यासाठी खांबाला ब्रॅकेट हवे होते. मी सांगितले, पट्टा करू, कड्याचे दोन अर्धे भाग खांबाभोवती बोल्टने आवळू. ते म्हणाले, बोल्ट दिसतात, वेल्डिंग करा.

बीड दाबाखाली राजा आणि ताणाखाली काच. एका जागी तापले आणि बाकीचे थंड राहिले की तडकते. पोलादासारखे त्याला कुठेही वेल्डिंग करायचे नसते, हे आयटीआयचा पोरगाही सांगेल. मी दुसऱ्या साइटवर गेलो होतो तेव्हा त्यांनी वेल्डर चढवला. संध्याकाळी परत आलो तर वेल्डर खाली बसून खांबाकडे बघत होता. म्हणाला, "टिक असा आवाज आला." ब्रॅकेटपासून खाली वीतभर भेग.

रात्रीतून टेकू लावले. पंधरा दिवस काम बंद. शेवटी कडेच बसवले, मी आधी सांगितलेले, बोल्टसकट. आज लोक त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढतात, ‘इंडस्ट्रियल लूक’ म्हणून. पण मालकासमोरच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले की भेग आधीपासूनच असणार, सुपरवायझरने नीट पाहणी केली नाही. माझ्या बिलातून पैसे कापले गेले. फोटो नव्हते, मी गप्प बसलो.

म्हणून तुम्हाला सांगतो. हातोडा उचलण्याआधी प्रत्येक खांबाचा चारी बाजूंनी, तारखेसकट फोटो काढा. खांब बिडाचा की पोलादाचा कळत नसेल तर इंजिनिअरला विचारून कमी भाराच्या जागी बारीक भोक पाडून बघा: भुकटी पडली तर बीड, वळ्या निघाल्या तर पोलाद. तुळईचे भिंतीत गेलेले टोक पेचकसाने टोचा, सागवान मधे ठणठणीत आणि टोकाला कुजलेले असते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका, ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत खार फुटतो. आणि आजोबांच्या वेळचा एखादा हमाल हयात असेल तर त्याला रिक्षाने आणा, चहा पाजा, प्रत्येक खणात किती थर लागायचे ते विचारा आणि खडूने जमिनीवर लिहून घ्या. आर्किटेक्टला त्यानंतर बोलवा.

कोचीचे म्हणाल तर अॅस्पिनवॉल हाऊस, पेपर हाऊस ही तिथली जुनी गोदामे मीही पाहिली आहेत. 2012 पासून कोचीत बिनाले, म्हणजे मोठे कलाप्रदर्शन, भरते. ऐसपैस आवार, समोर पाणी. तुमच्या गल्लीत हातगाडी अडकली तर बंबही अडकेल. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलच्या आवारात आग लागून 14 जण गेले ते विसरू नका. दुसरा जिना बसत नसेल तर कॅफेचा नाद सोडा, दिवसाचे ऑफिस करा. आणि हो, पाया खचलेला असेल तर माझे वरचे सगळे बाजूला ठेवून तुमच्या घरच्यांचे ऐका. ती जमीन भरावाची आहे.

राहता राहिले साहेब. ते हे वाचत असतील तर एवढेच: कडे बसवण्याआधी मी त्या भेगेत टॉर्च मारून पाहिले होते. आतला भाग राखाडी आणि चकचकीत होता. जुनी भेग असती तर आत गंज असता, रंग आत झिरपलेला असता. भेग त्याच दुपारची होती.