एकदा पक्षाघात झालेल्या गरीब वस्तीतल्या रुग्णाला माहिती देऊन दुसरा झटका टळतो का?

टळू शकतो, पण नुसतं पत्रक हातात ठेवून नाही.

सगळ्यात मोठं कारण रक्तदाब. बहुतेक रुग्णांत तो 130/80 च्या खाली ठेवायचा असतो. गोम अशी की वाढलेला रक्तदाब दुखत नाही. बरं वाटलं की गोळ्या बंद होतात, पैसे संपले की दिवसाआड घेतल्या जातात, आणि डॉक्टरांना हे कुणी सांगत नाही. रक्ताची गुठळी रोखणारी गोळी आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) यांचंही तेच. म्हणून घरी सोडतानाच कुठली गोळी कशासाठी ते समजावून सांगावं आणि मग रुग्णालाच स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावं. (मान डोलावली म्हणजे समजलं असं नसतं.) घरात गोळ्या देणारी व्यक्तीही समोर हवी, कारण झटक्यानंतर बोलणं, आठवण यांवर परिणाम झालेला असू शकतो.

माझ्या मते खरा फरक पडतो पाठपुराव्याने. वस्तीतलीच आरोग्य कार्यकर्ती घरी येऊन रक्तदाब मोजते, गोळ्या उरल्यात का पाहते, तेव्हा. नुसत्या माहितीने रक्तदाब उतरतोच असं नाही. औषध परवडत नसेल तर रुग्णाला बेजबाबदार ठरवणं अन्यायाचं आहे. तंबाखू सोडणं, मीठ कमी करणं हे आलंच.

तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही अचानक झालं तर दहा मिनिटांत बरं वाटलं तरी तातडीने रुग्णालय गाठायचं.