आधी आपली माणसं

चिरंजीव,
सप्रेम जय भीम.

रात्री अडीचला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. जयंतीची कमान कुणी फाडली ते सगळ्या वस्तीला माहीत आहे, तरी तू पोरांना वरच्या आळीत जाऊ दिलं नाहीस. आता मंडळाच्या ग्रुपवर तुला बांगड्यांचे फोटो येतायत. आणि तू मला विचारतोस, भिंतीवर बाबासाहेब आणि शिवराय लावून मी कच खाल्ली का?

पाठ थोपटायला मी लिहीत नाहीये. मारामारी वाईट हे तुला कळतं, ते सांगण्यात शाई कशाला घालवू? माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. फोटोला हार घालता, महाडचा दिवस तोंडपाठ म्हणता, पण 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यानंतरची दुपार तुमच्यातल्या एकाला तरी सांगता येते का? भाषण तिथेच संपतं, ओंजळीपाशी. मला विचारशील तर खरा पुढारी त्यानंतर दिसला.

गावात आवई उठली की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. अधिकारी डाकबंगल्यावर आले. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं ते साधारण असं, की तुम्ही बाकीच्यांना आवरा, माझ्या माणसांचं मी बघतो. मग दोघा-तिघांना घेऊन ते स्वतः रस्त्यावर उतरले. टोळक्यानं अडवलं, तेव्हा शांतपणे म्हणाले, देवळात जायचा आमचा बेत नाही. तोवर मंडपात लाठ्या पडल्या होत्या, शिजलेलं अन्न मातीत गेलं होतं, गावाकडे परतणारी माणसं वाटेत गाठून मारली जात होती. काहींनी मुसलमानांच्या घरात आसरा घेतला म्हणून वाचली.

आता पुढचं नीट वाच. मार खाल्लेल्यांत फौजेतून परतलेले महार होते. लढाई पाहिलेली माणसं. त्यांना हात उचलायला कुणी शिकवायला नको होतं, ती फक्त इशाऱ्याची वाट बघत होती. पस्तीस वर्षांच्या बॅरिस्टरनं तो इशारा दिला नाही. उलट फिर्याद गुदरली, आणि पाच हल्लेखोरांना चार-चार महिने सक्तमजुरी झाली. हात उचलला असता तर दोन्हीकडचे दंगेखोर म्हणून एकाच यादीत नावं लागली असती आणि पाण्याचा प्रश्न मागे पडला असता.

म्हणून म्हणतो, आधी आपली माणसं. समोरच्याला काय सुनवायचं, कलेक्टरला काय लिहायचं, ते नंतर. तुझा शब्द तुझ्याच वीस पोरांत चालत नसेल तर वरच्या आळीनं तुझ्याशी बोलायला का यावं? ज्याची माणसं ऐकतात त्याच्याशीच लोक बोलतात. तू त्या रात्री पोरांना थांबवलंस आणि ती थांबली. कुरकुरत, शिव्या देत, पण थांबली ना? मग रडतोस कशाला?

हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाहीये. आमच्या कारखान्यात टाळेबंदी होती तेव्हा मालकानं बाहेरची माणसं टेम्पोत भरून आणली. आमच्या पोरांच्या हातात गज होते. मी गेटवर आडवा झालो, पण टेम्पोला नाही, आमच्या पोरांना. टेम्पो आत गेला. संध्याकाळपर्यंत मी ‘मालकाचा माणूस’ झालो होतो. एका ताटात जेवलेला माझा मित्र तेव्हापासून बोलला नाही. पोरीच्या लग्नाची पत्रिका त्यानं सगळ्या चाळीला वाटली, माझं दार तेवढं सोडलं. पुढे समेट झाला, माणसं कामावर परत गेली, तोसुद्धा गेला. गज चालला असता तर त्यातल्या निम्म्यांवर केसेस असत्या आणि मालकाला कामावरून काढायला आयतं कारण मिळालं असतं. हे त्याला कधीतरी समोर बसवून सांगायचं होतं. तो गेला, ते राहिलं. बायको म्हणते, प्रत्येक पत्रात तुम्ही गेटवर येताच. येतो. मी बरोबर होतो, आणि ते ऐकून घ्यायला मला अजून कुणीतरी लागतं. आज तू सापडलास.

असो. पोरं म्हणतील, बाबासाहेब मवाळ होते का? त्यांना त्याच वर्षाचा डिसेंबर सांग. महाडच्या दुसऱ्या परिषदेला कुणी हिंदू जागा देईना, फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं दिली. 25 तारखेला तिथे मनुस्मृती जाळली. याला मवाळ म्हणतोस? पण तळ्यावर जायला तात्पुरता मनाई हुकूम दुसऱ्या बाजूनं दिवाणी कोर्टातून आधीच आणला होता. जमलेले हजारो लोक तुरुंगात जायला तयार. मनुस्मृती जाळून माणसं पेटून उठली होती त्याच मांडवात दोन दिवसांनी बाबासाहेब उभे राहिले आणि सत्याग्रह तहकूब करू म्हणाले. आपलं भांडण स्पृश्यांशी आहे, सरकारला विनाकारण अंगावर का घ्यायचं, हा त्यांचा हिशेब. लोकांनी मानलं. गावातून तळ्याभोवती शांत मिरवणूक काढली आणि परतले. त्या दिवशी किती जण मनात चरफडले असतील, विचार कर. मग ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ हा दावा चालत राहिला, थेट 17 मार्च 1937 पर्यंत. तळं नगरपालिकेचं आहे आणि अस्पृश्यांना बंदीची वहिवाट फार पुरातन असल्याचं सिद्ध होत नाही, म्हणून हायकोर्टात विरोधक हरले. जवळजवळ दहा वर्षं! तुला आठवडा काढवेना.

शिवरायांचं तेच. बॅनरवर तुम्ही तलवार छापता, 1665 चा पुरंदरचा तह कोण छापतो? मुरारबाजी जिथे पडला तो किल्ला धरून 23 किल्ले मिर्झाराजांच्या हवाली करायचे, आपल्याकडे 12 ठेवायचे. जीव लावून गड राखलेल्या माणसांना खाली उतरा म्हणायचं आणि त्यांनी उतरायचं. शत्रूवर ओरडण्यापेक्षा हे अवघड, कारण इथे नाराज होणारी माणसं आपली असतात. 1670 ला कोंढाण्यापासून किल्ले परत यायला लागले, ते नाराज होऊनही बरोबर राहिलेल्या माणसांच्या जोरावर.

तर आधी आपली माणसं, पण त्यांना नुसतं गप्प बसवू नकोस. थांबवलेल्या पोराला काम दिलं नाहीस तर ते दुसऱ्या रात्री तुला न विचारता जाईल. कमान फाटली त्याचे फोटो, कधी फाटली, कुणी पाहिलं, हे लिहून काढायला दोघांना बसव. चौकीत तोंडी सांगून परत येऊ नका, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नवी कमान त्याच जागी, तेवढीच उंच. तिथे एक वीतही मागे सरकायचं नाही. बांगड्यांचे फोटो टाकणाऱ्याला ग्रुपमधून काढू नकोस, मिरवणुकीची दोरी धरायला त्यालाच पुढे उभा कर. चिडकं पोर कामाला वाघ असतं.

वरच्या आळीत जायचंच आहे, पण तू आणि दोन वडीलधारे, दिवसाउजेडी. तिथल्या मंडळाच्या अध्यक्षाला एवढंच विचार, तुमची पोरं तुम्ही आवरता का? हो म्हणाला तर बैठक लाव. चौक ना त्यांचा, ना तुमचा. शाळेच्या व्हरांड्यात बसा. नाही म्हणाला किंवा उडवाउडवी केली, तर तेही लिहून ठेव आणि तक्रारीला जोड.

त्यांच्याकडून कोण कोण येणार ती नावं शनिवारपर्यंत मला फोनवर सांग. मेसेज नको, रात्री अडीचला तर नकोच.

तुझा,
काका